दोन मामा आणि एक तुकाराम

‘संत तुकाराम’ सुरू होतो तेव्हा तुकाराम नुसता बसून गात असतो. डोळे मिटल्यासारखे, अंग निश्चल. कुणी ऐकतं आहे की नाही याची त्याला फिकीर नाही. थोड्याच वेळात तोच अभंग आपण पुन्हा ऐकतो, आता सालोमालोच्या तोंडून. सालोमालो ताना फिरवतो, हातवारे करतो, मान वेळावतो आणि हे काव्य आपलंच असल्याचं मंडळींना पटवून देतो. चित्रपटाला जेमतेम सुरुवात झालेली असते, कथानकाची अजून घडीही मोडलेली नसते. पण खरं गाणं कोणतं आणि गाण्याचं सोंग कोणतं हे प्रेक्षकाला कळून चुकलेलं असतं. त्यासाठी संवादाचं एकही वाक्य खर्ची पडत नाही.

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, ‘हात’. तो वाचल्याबरोबर मला हे दृश्य आठवलं आणि ते रचणारे दोघे आठवले. विष्णुपंत गोविंद दामले आणि शेख फत्तेलाल. कोल्हापूरच्या आणि पुढं पुण्याच्या चित्रपटविश्वात एकाला सगळे दामलेमामा म्हणत, दुसऱ्याला साहेबमामा. मराठी चित्रपटाच्या इतिहासात ही नावं कायम जोडीनं येतात, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी नावानंतर येतात: आधी बाबूराव पेंटर, मग व्ही. शांताराम, मग हे. शांतारामबापूंनी ‘शांतारामा’ हे भलंमोठं आत्मचरित्र लिहिलं. या दोघांची ओळख मात्र इतरांच्या आठवणींतून आणि त्यांनी हातांनी घडवलेल्या वस्तूंतूनच करून घ्यावी लागते. म्हणून मी त्या वस्तू पाहायला निघालो.

लेथवरचा कॅमेरा

सुरुवात कोल्हापुरात होते. कोल्हापूरच्या खरी कॉर्नरला चौकात दगडी चौथऱ्यावर जुन्या चित्रपट-कॅमेऱ्याचं शिल्प उभं आहे. रिक्षा त्याला वळसा घालून जातात, आजूबाजूला दुकानांची गर्दी आहे. एखाद्या शहरानं कॅमेऱ्याचं स्मारक करावं हे मला फार मोलाचं वाटतं. नटाचं झालं असतं, राजाचं झालं असतं. इथं यंत्राचं झालं, कारण ते यंत्र याच गावात घडलं होतं.

आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले भाऊ. घरात सुतारकाम, मूर्तिकाम, रंगकाम. नाटक मंडळ्यांना दोघे पडदे रंगवून देत, म्हणून मेस्त्रीचे पेंटर झाले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि या भावांच्या डोक्यात हलत्या चित्रांनी ठाण मांडलं. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता, तेव्हा आपणच तो बनवू असं ठरलं. १९१६ साली आनंदराव वारले. काम बाबूरावांनी पुढं नेलं आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा चालू झाला. या खटपटीत त्यांच्या बरोबरीनं राबला तो त्यांचा शिष्य दामले.

दामल्यांचा जन्म १८९२ चा, पेणचा. पेण म्हणजे गणपतीच्या मूर्तींचं गाव. चित्रकला शिकायला म्हणून हा मुलगा पेंटर बंधूंकडे आला आणि चित्रकलेबरोबर लेथही शिकला.

हातानं फिरवायचा कॅमेरा बनवणं म्हणजे काय, हे जरा खोलात जाऊन सांगायला हवं. फिल्म सलग धावत गेली तर पडद्यावर नुसता धूसर पट्टा उमटेल. ती थांबायला हवी, त्या क्षणी पडदी उघडून प्रकाश आत यायला हवा, पडदी मिटली की फिल्म एक चौकट पुढं सरकून पुन्हा स्थिर व्हायला हवी. आणि मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा. फिल्मच्या कडेच्या भोकांत एक नखी अडकते, खाली ओढते, सुटते, वर जाते. या नखीच्या हालचालीत केसभर ढिलाई राहिली तर पडद्यावर ती शेकडोपट मोठी होऊन दिसते: राजवाडा थरथरतो, देवाचा मुकुट डुचमळतो. आयत्या आराखड्याशिवाय, छोट्या लेथवर, कानस घासून ही नेमकेपणाची पातळी गाठायची होती. पुढं दामल्यांच्या कामात जी एक शांत खात्री दिसते, तिचं मूळ मला या खोलीत सापडतं. चमत्कार दाखवायचा असेल तर आधी चक्र नीट फिरलं पाहिजे, हे त्यांना तरुणपणीच उमगलं होतं.

फत्तेलाल कागलचे, १८८६ सालचे, मिस्त्री घराण्यातले. चित्रकलेचे पहिले धडे त्यांनी आबालाल रहिमान यांच्याकडे गिरवले. कोल्हापूर दरबारचे हे अवलिया चित्रकार. पंचगंगेच्या काठी, कोटीतीर्थाच्या परिसरात भटकून त्यांनी पाण्यावरच्या उजेडाची चित्रं काढली. फत्तेलालांनी पुढं चित्रपटांसाठी उभ्या केलेल्या गावांत, घाटांत, ओसऱ्यांत भिंतीवर पडलेला जो मवाळ उजेड दिसतो, त्याच्यामागं आबालालांची नजर असावी असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

महाराष्ट्र फिल्म कंपनी हे या सगळ्यांचं विद्यापीठ. तानीबाई कागलकर या गायिकेनं भांडवल दिलं. पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला, आणि तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. कंपनीत कामांची वाटणी नसे. सकाळी सुतारकाम करणारा दुपारी भाला घेऊन मावळा व्हायचा आणि रात्री प्रयोगशाळेत फिल्म धूत बसायचा. शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगाही इथंच हरकाम्या म्हणून आला. १९२८ साली ‘महारथी कर्ण’चं दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल यांच्याकडे आलं. दोघांनी मिळून सही केलेलं ते पहिलं काम.

टेकडीखालचा स्टुडिओ

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, केशवराव धायबर आणि सराफीच्या व्यवसायातले सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. गुरूच्या कंपनीतून चार हात बाहेर पडले होते, आणि बाबूरावांच्या कंपनीचे त्यानंतरचे दिवस फार राहिले नाहीत. ही गोष्ट सांगताना कोल्हापूरकर आजही आवाज खाली आणतात. मला यात कुणाला दोषी ठरवावंसं वाटत नाही. शिष्य तयार झाले की ते जातात, आणि बाबूरावांनी शिष्य फारच चांगले तयार केले होते.

बोलपट आला तेव्हा अनेक मूकपटवाल्यांची धांदल उडाली. ‘प्रभात’मध्ये दामल्यांनी ध्वनिमुद्रणाचं खातं अंगावर घेतलं. चित्रकार म्हणून आलेला, लेथ शिकलेला, कॅमेरा चालवलेला हा माणूस चाळिशीत आवाजाचं शास्त्र शिकायला बसला. तेव्हाचा आवाज हाही उजेडाचाच खेळ: मायक्रोफोननं पकडलेल्या कंपनांनी प्रकाशाची तिरीप कमीजास्त व्हायची आणि फिल्मच्या कडेला एक बारीक पट्टी उमटायची. फिल्म धुताना रसायन किंचित तेज झालं तर चित्राबरोबर आवाजही बिघडायचा. म्हणजे ध्वनिमुद्रकाला प्रयोगशाळा कळलीच पाहिजे. दामल्यांना ती कळत होती. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी आलेल्या ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे स्वच्छ ऐकू येतात, याचं श्रेय देताना दामल्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं.

१९३३ साली ‘प्रभात’ पुण्यात आली. ती जागा आजही आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचं फाटक आहे, आत शिरलं की झाडं आणि पाठीशी टेकडी. डेक्कनकडून या बाजूला येणाऱ्या रस्त्याला लोक प्रभात रोड म्हणतात. त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे नाव चित्रपट कंपनीवरून पडलं हे ठाऊक असेल कुणास ठाऊक. ‘प्रभात’चं मोठं चित्रणगृह आजही वापरात आहे. मी आत डोकावलो तेव्हा काही विद्यार्थी एका खोलीचा सेट लावत होते. तिन्ही भिंती प्लायवूडच्या, मागून लाकडी टेकू. एक मुलगी गुडघ्यावर बसून भिंतीच्या तळाशी ओलीचा डाग रंगवत होती. स्पंजनं टिपायची, मागं सरून बघायची, पुन्हा टिपायची. छताकडे मान वर केली तर उंची अंगावर येते. या एवढ्या पोकळीत फत्तेलालांनी ‘अमृतमंथन’मधल्या देवीची अजस्र मूर्ती उभी केली, आणि याच कंपनीत त्यांनी तुकारामाच्या घरची सारवलेली ओसरीही उभी केली. मोठं उभं करणं त्या मानानं सोपं असतं. ओसरीच्या कडेचं सारवण कुठं उडालं असेल, चुलीमागची भिंत किती काळी असेल, हे ठरवायला खेड्यातल्या घरांत उठबस लागते.

आवारात पाण्याचा एक जुना हौद आहे. नदी, घाट, पूर अशी दृश्यं तेव्हा स्टुडिओतच घेण्याची सोय असे. संग्रहालयात ‘प्रभात’च्या काळातली यंत्रं, पोशाख, दागिने जपून ठेवलेले आहेत. पडद्यावर झळाळणारे अलंकार हातभर अंतरावरून पाहिले की त्यांच्या साधेपणाचं आश्चर्य वाटतं. हे सोनं उजेडानं केलेलं होतं.

दरिद्री संतासाठी माणसं शोधताना

१९३५ साली शांतारामबापूंनी एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला. मूळ नाव ‘महात्मा’. ते गांधीजींकडे बोट दाखवतं म्हणून सेन्सॉरनं बदलायला लावलं. एकनाथांच्या भूमिकेत साक्षात बालगंधर्व. एवढं असूनही चित्रपटानं अपेक्षेइतकी पकड घेतली नाही. गंधर्वांची अवघी कला रंगभूमीच्या उजेडात वाढलेली. कॅमेऱ्याच्या जवळिकीत ती अवघडली.

लगेच पुढच्या वर्षी दामले आणि फत्तेलाल यांनी दुसरा संत घेतला, आणि सगळी माणसं वेगळ्या वाटेनं निवडली. पटकथा शिवराम वाशीकरांची. तुकारामासाठी विष्णुपंत पागनीस. पागनीसांनी तरुणपणी नाटकात स्त्रीभूमिका केल्या होत्या. नंतर ते रंगभूमीपासून दूर होऊन भजनात रमले होते. त्यांच्या चालण्यात स्त्रीभूमिकांतून आलेली एक मऊ लय शिल्लक होती. वाण्याच्या घरच्या, संसारात हरलेल्या माणसाला ही लय शोभेल, हे ओळखणं हीच दिग्दर्शकाची खरी कसोटी. पागनीस तुकाराम ‘करत’ नाहीत. ते गातात, आणि आजूबाजूला जे घडतं त्याच्याकडे किंचित उशिरा लक्ष देतात. एवढ्यानं भागतं.

तुकारामाची बायको जिजाई, म्हणजेच आवली, झाली गौरी. ही कुणी नामवंत नटी नव्हती. ‘प्रभात’च्याच आवारात किरकोळ कामं करता करता ती पडद्यावर आलेली. माझ्या मते मराठी पडद्यावरच्या पहिल्या पाच अभिनयांत तिची जिजाई बसते, आणि पहिली कोण यावर मी भांडायलाही तयार आहे. कमरेवर हात ठेवून ती नवऱ्याला फैलावर घेते तेव्हा आवाज कुठं चढवायचा हे तिला कुणी शिकवलेलं नाही, ते तिच्या अंगात आहे. दिग्दर्शकांनी केलं ते एवढंच, की तिच्या वाटेत आले नाहीत.

संगीत केशवराव भोळ्यांचं. पदं लिहिणारे शांताराम आठवले तेव्हा पंचविशीतले. बीजातून झाड होतं आणि एकाचे अनेक होतात, या आशयाचं त्यांचं पद इतकं तुकोबांच्या वळणाचं उतरलं, की ते गाथेतच असणार असं भलेभले धरून चालले. आजही पुष्कळ भजनी मंडळं ते तुकोबांचं म्हणून गातात. कवीला याहून मोठी पावती कुठली मिळणार! पण मला यात कंपनीची शिस्तही दिसते. नवी वस्तू करायची, पण ती जुन्या घरात ठेवली तर उपरी वाटता कामा नये. फत्तेलालांची ओसरी, गौरीची जिजाई, आठवल्यांचं पद, तिन्हींना हाच नियम लावलेला आहे.

म्हैस आणि विमान

पुण्यात एका छोट्या सभागृहात हा चित्रपट अलीकडेच पुन्हा पाहायला मिळाला. निम्मे प्रेक्षक कॉलेजातले होते. पहिला अर्धा तास कुजबुज चालू होती. जिजाई म्हशीपाशी आली तशी ती थांबली.

म्हैस हे जिजाईचं सर्वस्व. देव तिच्या नवऱ्याला घेऊन गेलाच आहे. म्हैस मात्र दूध देते आणि त्या दुधावर पोरं जगतात. तिच्याशी जिजाई प्रेमानं बोलते, तिच्यासाठी गाते. इकडे नवरा विठोबाचं गातो, तिकडे बायको म्हशीचं. आणि कॅमेरा दोघांकडे एकाच आदरानं पाहतो. संतपटांत बायकोला कजाग ठरवून हशा वसूल करण्याची सोपी वाट असते. इथं हशा येतो, भरपूर येतो, आमच्या सभागृहातही आला. पण तो तिच्या बाजूनं येतो. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती त्याला ओढत देवळात नेते, आणि देवाला मारायला हातात पायताण. शिवाजी महाराजांकडून नजराणा येतो तेव्हा पोरं भरजरी कपडे चढवून, दागिने घालून नाचायला लागतात, जिजाईचा चेहरा पहिल्यांदा सैलावतो. तुकाराम येतो आणि सगळं परत पाठवतो. त्या क्षणी माझ्या पुढच्या रांगेतली मुलगी स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाली, ‘‘अरे, निदान पोरांचं तरी बघ ना!’’ चित्रपट तिला हे म्हणू देतो. तुकारामाच्या थोरवीबद्दल त्याला शंका नाही, पण त्या थोरवीची किंमत कोण चुकवतं हेही तो लपवत नाही.

याच चित्रपटात चमत्कारही आहेत. पाखरांनी आणि गुरांनी खाल्लेलं शेत पुन्हा भरतं. इंद्रायणीत बुडवलेली गाथा वर येते. कीर्तनाला आलेल्या शिवाजीला पकडायला शत्रूचे शिपाई येतात, तर त्यांना जिकडेतिकडे शिवाजीच दिसू लागतो. शेवटी गरुडाच्या आकाराचं विमान आकाशातून उतरतं.

त्या काळची बहुतेक चलाखी कॅमेऱ्याच्या आतच होत असे. भिंगासमोरचा काही भाग काळ्या पुठ्ठ्यानं झाकायचा, उरलेल्या भागात एक दृश्य घ्यायचं. मग अंधारात फिल्म मोजून मागं गुंडाळायची, पुठ्ठा उलट बाजूला लावायचा आणि त्याच फिल्मवर दुसरं दृश्य घ्यायचं. चौकटी मोजण्यात गफलत झाली, कॅमेऱ्याला धक्का लागला, नटाचा हात अदृश्य रेषेच्या पलीकडे गेला, की सगळा दिवस फुकट. शिवाय जमलं की नाही हे प्रयोगशाळेतून फिल्म धुऊन येईपर्यंत कळायचं नाही. लेथवर नखी घासलेल्या माणसालाच एवढा धीर असू शकतो.

मात्र चलाखी साधली हे दामले-फत्तेलालांचं वैशिष्ट्य नव्हे. फाळक्यांनी ती वीस वर्षं आधी साधली होती. वैशिष्ट्य हे की चमत्काराच्या वेळीही हे दोघे आवाज चढवत नाहीत. धान्याची रास जितक्या सरळपणे दिसते तितक्याच सरळपणे म्हैस दिसते. विमान उतरतं तेही गावात गाडी यावी तसं. गावकऱ्यांना ते दिसतं आहे, म्हणून आपल्यालाही दिसतं. श्रद्धा नसलेला माणूसही या जागी अडखळत नाही, कारण त्याआधी दोन तास त्याला कुणी फसवलेलं नसतं. विमान तुकारामाला घेऊन जातं, आणि जिजाई खालीच राहते. वर जाणाऱ्याइतकंच खाली उरलेलीचं वजन चित्रपटानं शाबूत ठेवलेलं आहे.

तरुण प्रेक्षकांतला एक जण बाहेर पडताना विचारत होता, की मुसलमान कलादिग्दर्शकाला देहूचं अंतरंग एवढं कसं कळलं. मला प्रश्नच उलटा वाटला. कागलमध्ये वाढलेल्या, आयुष्यभर पुराणांचे पडदे रंगवलेल्या माणसाला ते कळलं नसतं तर नवल. शेख महंमदांसारख्या मुसलमान संताला आपलं मानणाऱ्या परंपरेतलंच हे काम आहे. ‘प्रभात’मध्ये साहेबमामांना याबद्दल वेगळं काही सिद्ध करावं लागलं नाही, आणि एका ब्राह्मणाबरोबर जोडीनं संतपट करताना कुणाचं नाव आधी यावं यावरही या जोडीची वाटचाल अडली नाही. आज हे लिहिताना मन भरून येतं.

देहूच्या दुकानांतला चेहरा

१२ डिसेंबर १९३६ रोजी चित्रपट मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तिथं ५७ आठवडे चालला. एकाच चित्रपटगृहात वर्षाहून जास्त मुक्काम, हे भारतीय चित्रपटानं तोवर पाहिलं नव्हतं. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. तिथं सन्मान मिळवणारा हा पहिला भारतीय चित्रपट. पण व्हेनिसपेक्षा मोठी गोष्ट खेड्यांत घडत होती. फिरत्या तंबूंमधून ‘तुकाराम’ गावोगाव गेला. माणसं बैलगाड्या जुंपून यायची, तंबूबाहेर पायताणं काढायची, आणि पागनीस पडद्यावर आले की हात जोडायची. पागनीसांनी त्यानंतर तुलसीदास केला, नरसी भगत केला, पण १९४३ साली ते गेले तेव्हा लोकांच्या लेखी तुकारामच गेला.

हे अजून उरलं आहे का, हे पाहायला देहूला गेलो. इंद्रायणीच्या पाण्याची अवस्था पाहवत नाही. तिच्यावर वेगळा लेख लिहायला हवा. मुख्य देवळाच्या वाटेवर दुकानं आहेत: टाळ, बुक्का, तुळशीच्या माळा, गाथा, आणि तसबिरी. तसबिरींच्या रांगेपुढं मी बराच वेळ उभा राहिलो. डोक्यावरचं पागोटं, हातातली वीणा, आणि तो चेहरा! किंचित लांबट, पापण्या जड, ओठांवर अर्धं स्मित. कितीतरी तसबिरींत सरळ पागनीस दिसत होते.

दुकानात बसलेल्या बाईंना विचारलं, ‘‘मावशी, हे चित्र कुठलं हो?’’

‘‘कुठलं म्हंजे? महाराजांचंच की.’’

‘‘नाही, चेहरा कुणावरून काढला असेल?’’

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘‘असेच होते ते,’’ म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला माळ दाखवायला वळल्या.

सतराव्या शतकातल्या तुकोबांचं मुखदर्शन घडवील असं प्रत्यक्ष पाहून काढलेलं चित्र आज घरोघरी नाही. घरोघरी आहे ते या चित्रपटानं दिलेलं रूप. वारकऱ्यांच्या देव्हाऱ्यात आपण निवडलेला चेहरा जाऊन बसावा, ही दिग्दर्शकाच्या वाट्याला येणारी केवढी मोठी आणि केवढी अनामिक कीर्ती! वैकुंठगमनाच्या जागी नांदुरकीचं झाड आहे. तुकाराम बीजेला भर दुपारी ते हलतं अशी श्रद्धा आहे, आणि त्या क्षणासाठी हजारो डोळे पानांकडे लागतात. मी गेलो तेव्हा गर्दी नव्हती. पारावर एक वृद्ध वारकरी पोथी वाचत होते. त्यांनी हा चित्रपट लहानपणी गावच्या जत्रेत पाहिला होता, तंबूत, जमिनीवर बसून. काय आठवतं म्हणून विचारलं, तर विमान म्हणतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘‘आवली. आमच्या आईसारखी होती.’’

पुढचे तीन, आणि शेवट

यशानंतर दोघे थांबले नाहीत, घाईही केली नाही. १९३८ साली ‘गोपाळकृष्ण’ आला. बालकृष्ण राम मराठे, राधा शांता आपटे. गोकुळचं दूध मथुरेला का जावं, हा त्यातला तंटा १९३८ च्या प्रेक्षकाला भागवतापुरता वाटणं शक्य नव्हतं. १९४० साली ‘संत ज्ञानेश्वर’, शाहू मोडक मुख्य भूमिकेत. चलाखीच्या दृष्टीनं ‘ज्ञानेश्वर’ ‘तुकाराम’च्या पुढं गेला, माणसांच्या दृष्टीनं मात्र मला तो थोडा अलिप्त वाटतो. ज्ञानेश्वराच्या घरात जिजाई नाही, हे त्याचं कारण असेल. १९४१ च्या ‘संत सखू’त ती उणीव भरून निघते. राजा नेने यांच्यासह दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात हंसा वाडकरांची सखू सासरी जे सोसते ते इतकं रोजच्या वापरातलं आहे, की विठ्ठल येऊन तिच्या जागी राबतो तेव्हा त्याच्याही हाताला घट्टे पडतील असं वाटतं. ‘सखू’वर फार कमी लिहिलं गेलं आहे. ज्यांनी ‘तुकाराम’ पाहिला आहे त्यांनी लगेच तो पाहावा.

१९४२ साली शांताराम ‘प्रभात’ सोडून मुंबईला गेले आणि ‘राजकमल’ उभारलं. ५ जुलै १९४५ रोजी दामले वारले, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. भागीदारी मोडत गेली, कर्ज चढलं, आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत कंपनीचा कारभार आवरला. फत्तेलालांनी १९५५ साली एकट्यानं ‘जगद्गुरू शंकराचार्य’ दिग्दर्शित केला. १९६० साली ‘प्रभात’च्या आवारात सरकारनं फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. चित्रपट शिकवणारी देशातली सर्वांत नामांकित शाळा या कार्यशाळेत भरू लागली तेव्हा साहेबमामा हयात होते. १९६४ साली ते गेले.

‘प्रभात’चे चित्रपट नायट्रेट फिल्मवर घेतलेले होते. या फिल्मवर काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा अपूर्व उमटतात, पण ती पेटली की विझवणं जवळजवळ अशक्य, कारण जळताना लागणारा प्राणवायू तिच्याच घटकांतून सुटत राहतो. पाण्यात बुडवली तरी ती जळते. जानेवारी २००३ मध्ये इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली, आणि ‘प्रभात’च्या वारशातला फार मोठा भाग काही तासांत गेला. ‘तुकाराम’ आपल्याकडे उरला तो नंतर काढून ठेवलेल्या प्रतींमुळं. प्रतीवरून प्रत काढताना दर वेळी छटांचा एक थर उडतो. चुलीमागच्या काळ्या भिंतीतला धूर आणि सावली यांतला फरक आज आपल्याला दिसत नाही, तो साहेबमामांनी रंगवला मात्र होता. मोबाइलवर पाहताना तर उरलासुरलाही जातो. पुण्यात चित्रपट संग्रहालय आहे, चित्रपट मंडळं आहेत, कोल्हापुरात तर हे चित्रपट घरचे आहेत. १३१ मिनिटांचा हा चित्रपट वर्षातून एकदा, बीजेच्या सुमारास, मोठ्या पडद्यावर चांगल्या प्रतीतून दाखवणं या शहरांना अवघड नाही. तिकीट लावा. माणसं येतील. मी पाहिलेल्या खेळाला शेवटच्या रांगेत जागा नव्हती, आणि मघाशी कुजबुजणारी मुलं दिवे लागेपर्यंत उठली नव्हती.